गवताचेही रान असते

केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील एराविकुलम राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ ९७ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भागावर झाडे नाहीत, गवत आहे. दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर म्हणून शाळेच्या भूगोलात जे नाव आपण पाठ केलेले असते, ते २६९५ मीटर उंचीचे अनैमुडी याच उद्यानात आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावरही मुख्यतः गवतच आहे. आता देशाचे वनाच्छादन मोजण्याची आपली अधिकृत रीत पाहावी. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर भारतीय वन सर्वेक्षण संस्था ती जमीन वनाच्छादनात धरते. झाड कोणत्या जातीचे आहे, ते आपोआप उगवले की लावले, जमीन कोणाच्या मालकीची आहे, यातील काहीही विचारले जात नाही. या हिशेबाने उद्यानाच्या हद्दीबाहेर चहाच्या कारखान्यांना सरपण मिळावे म्हणून लावलेली निलगिरीची लागवड वन ठरते आणि हजारो वर्षे टिकून राहिलेला अनैमुडीचा गवताळ उतार वनाच्छादनाच्या बाहेर पडतो. कायद्याने त्या उताराला राष्ट्रीय उद्यानाचे कवच आहे हे खरे; परंतु ज्या मापाने आपण जंगल वाढले की घटले ते ठरवतो, त्या मापात त्याला जागा नाही. उंच डोंगरांवरील आपल्या संरक्षित क्षेत्रांपुढचा सर्वांत मोठा वैचारिक अडथळा हाच आहे असे मला वाटते, आणि जोवर गवताळ भूमीला तिच्या स्वतःच्या नावाने सरकारदरबारी नोंद मिळत नाही, तोवर तिच्यावर झाडे लावण्याचा मोह कोणत्याही कुंपणाने थांबणार नाही.

या डोंगरांचे दृश्य एकदा नीट समजून घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात साधारण अठराशे मीटरच्या वर गेले की जंगल सलग राहत नाही. दोन टेकड्यांच्या बेचक्यात, ओढ्याच्या कडेने, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या घळीत ठेंगण्या, वेड्यावाकड्या, शेवाळाने आणि दगडफुलाने लगडलेल्या सदाहरित झाडांचे पुंजके असतात. त्यांना तिथे ‘शोला’ म्हणतात. पुंजक्याची कड संपली की झुडपांचा जेमतेम एक पट्टा लागतो आणि लगेच मोकळे गवत सुरू होते. या दोहोंमधली रेषा इतकी स्वच्छ असते की ती कोणी कुऱ्हाडीने आखली असावी असा संशय यावा, आणि इंग्रजी अमदानीतल्या अनेक वनाधिकाऱ्यांना तो आलाही. पूर्वी सगळीकडे जंगल होते, गुराख्यांनी ते जाळले आणि गवत उरले, असा त्यांचा समज होता. या समजातूनच ‘उजाड’ डोंगर पुन्हा हिरवे करण्याचे पुण्यकर्म सुरू झाले.

समज चुकीचा होता. नीलगिरी पर्वतातील दलदलींच्या तळाशी वर्षानुवर्षे साचत गेलेल्या वनस्पतींच्या थरांचा अभ्यास झाला आहे. गवते आणि झाडे यांच्या अवशेषांतील कर्बाच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे कोणत्या काळात कशाचे वर्चस्व होते हे त्या थरांतून वाचता येते. त्या नोंदी सुमारे वीस हजार वर्षे मागे जातात आणि त्यांत गवत अगदी जुन्या काळापासून हजर आहे. हवामान कोरडे आणि थंड झाले की ते पसरले, दमट झाले की शोला वाढला, पण दोघेही टिकून राहिले. शेती किंवा पशुपालन या डोंगरांवर पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आजही तो समतोल राखण्यात दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, मोठा हात आहे. डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्री उघड्या उतारावर तापमान शून्याखाली उतरते, शोलातील झाडांची कोवळी रोपे त्या गारठ्यात करपून जातात आणि गवत मात्र मुळाशी जीव धरून राहते. जंगलाच्या छताखाली ऊब टिकते म्हणून रोपे तिथेच जगतात. दोघांमधली स्वच्छ रेषा आखण्यात, वारा आणि वणवा यांच्या जोडीने, या थंडीचा वाटा आहे.

या गवतावर कोण अवलंबून आहे याची यादी करायची तर पहिले नाव वरैआडूचे घ्यावे लागते. तमिळमध्ये ‘वरै’ म्हणजे कडा आणि ‘आडू’ म्हणजे शेळी. इंग्रजीवरून आलेले ‘नीलगिरी ताहर’ हे नाव आपल्याकडे रुळले असले, तरी कड्यावरची शेळी हे नाव त्या प्राण्याच्या जगण्याचे अर्धे शास्त्र सांगून जाते. तो मोकळ्या गवतावर चरतो आणि बिबट्या किंवा कोळसुंद्यांची चाहूल लागली की जवळच्या उभ्या कातळावर उतरून जातो, जिथे त्याच्यामागे कोणी येऊ शकत नाही. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात: दूरवर दिसेल असे उघडे गवत आणि पळून जाण्याच्या अंतरावर कडा. मध्ये झाडी वाढली की शत्रू दिसत नाही आणि कडा दूर पडतो. खाण्याला तोटा नसला तरी ती जागा त्याच्या उपयोगाची राहत नाही. हिमालयातील ताहराचा हा चुलतभाऊ असावा असे पूर्वी मानत, परंतु २००५ साली जनुकीय अभ्यासाने त्याला स्वतंत्र प्रजातीगटात नेऊन ठेवले. जगात तो फक्त केरळ आणि तमिळनाडूत आहे. २०२५ साली दोन्ही राज्यांनी मिळून केलेल्या गणनेत त्याची संख्या अडीच हजारांच्या थोडी वर भरली आणि त्यांचा सर्वांत मोठा समूह एराविकुलममध्ये आहे. पिलांच्या जन्माच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यानातील राजमला येथील पर्यटकांचा प्रवेश दरवर्षी बंद ठेवतात, ही शिस्त वाखाणण्यासारखी आहे.

वरैआडू मोठा आहे म्हणून त्याचे छायाचित्र निघते. गवतात राहणारा नीलगिरी तिरचिमणी हा पक्षी तपकिरी आणि लहान आहे, पण दक्षिण सह्याद्रीच्या या उंच गवताखेरीज त्याला जगात दुसरे घर नाही. अनैमुडीच्या परिसरात लालसर नारिंगी रंगाचा एक चिमुकला बेडूक सापडतो, ज्याचे शास्त्रीय वर्णन २०१० साली प्रथम प्रसिद्ध झाले. इतके दिवस तो कोणाच्या नजरेला पडला नव्हता. आणि मग कुरिंजी. आपल्या कारवीच्या कुळातले हे झुडूप बारा वर्षांनी एकदाच फुलते, सारे एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. २००६ साली ते फुलले, २०१८ साली फुलले आणि क्रम चुकला नाही तर २०३० साली फुलेल. २०१८ च्या बहराच्या ऐन हंगामात केरळात महापूर आला आणि मुन्नारकडे जाणारे रस्ते खचले, त्यामुळे त्या वर्षी त्या फुलांना नेहमीपेक्षा माणसांचा त्रास कमी झाला, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण ते चुकीचे नाही. कुरिंजीही उघड्या उताराचीच रहिवासी आहे. तिच्यावर वॅटल या परक्या झाडाची सावली धरली तर बारा वर्षांनी मोजायला काही उरत नाही.

आणि वॅटल आली आहे. ऑस्ट्रेलियातून आणलेली काळी वॅटल, तिच्या सालीतील टॅनिन कातडी कमावण्याच्या कामी येते म्हणून नीलगिरीच्या डोंगरांवर लावली गेली. निलगिरीची झाडे सरपणासाठी आणि पुढे कृत्रिम रेशमाच्या लगद्यासाठी लावली. गंमत अशी की मराठीत या ऑस्ट्रेलियन झाडाचे नावच ‘निलगिरी’ पडले आहे. ज्या पर्वताचे गवत त्याने गिळले, त्याच पर्वताचे नाव आपण त्याला देऊन टाकले आणि आता बहुतेकांना ते तिथलेच मूळचे वाटते. तमिळनाडूतील मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान, ज्याचे क्षेत्रफळ ७८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, ते खास वरैआडूसाठी राखलेले असूनही त्याच्या कडेने वॅटल आत शिरत राहिली आहे. तमिळनाडूतीलच पळणी टेकड्यांचा उपग्रह छायाचित्रांवरून झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार दशकांत तिथले दोन तृतीयांश उंच गवताळ क्षेत्र लाकूडफाट्याच्या लागवडींनी आणि शेतीने खाल्ल्याचे दिसले. दोन तृतीयांश शोला गेला असता तर देशभर निषेध झाला असता. गवत गेले, आणि त्याच काळातील वनाच्छादनाच्या आकड्यांत त्यावरची झाडांची लागवड वाढ म्हणून दाखल झाली असणार, कारण मोजणीचा नियम तसाच आहे.

एराविकुलम यातून वाचले त्याचे कारण फारसे गौरवास्पद नाही. मुन्नारच्या चहामळ्यांच्या युरोपीय मालकांना शिकारीसाठी मोकळी जागा हवी होती, म्हणून त्यांनी हे पठार राखून ठेवले. मुदुवान या आदिवासी समाजातील माणसे राखणदार म्हणून ठेवली आणि वरैआडू फार मारला जाऊ नये यावर नजर ठेवली, कारण तो संपला असता तर त्यांचीच करमणूक संपली असती. १९७१ च्या कायद्याने मळेवाल्यांकडील न वापरलेली जमीन केरळ सरकारने परत घेतली, १९७५ साली तिथे अभयारण्य झाले आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. शिकाऱ्याला गवताची किंमत कळली होती, ती वनसंवर्धकाला उशिरा कळली, हा या इतिहासातला टोचणारा भाग आहे.

आपल्या भाषेतही गवताविषयीचा हा दुजाभाव मुरलेला आहे. एखाद्याला तुच्छ लेखायचे तर आपण त्याला तृणवत् मानतो, काडीची किंमत देत नाही. पण याच मराठीत दुसरा, अधिक शहाणा शब्दही आहे. माळरान, गायरान या शब्दांतल्या ‘रान’ला झाडांची अट नाही, जे नांगराखाली नाही आणि जिथे आपापले जीव आपापल्या नियमाने नांदतात, ते रान. शासकीय भाषेत मात्र रानाचे ‘वन’ झाले, वनाचे ‘वृक्षाच्छादन’ झाले आणि जे यात बसत नाही त्याला महसुली दप्तराने ‘पडीक’ असे नाव दिले. ब्रिटिशांच्या काळात जी जमीन सारा देत नाही ती पडीक होती. स्वातंत्र्यानंतर साऱ्याचे महत्त्व ओसरले, शब्द राहिला. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात २०१५-१६ साठी देशाची जवळपास १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे आणि तिच्यात झुडपी माळ, चराऊ कुरणे, कातळी पठारे अशा वर्गांचा समावेश आहे. एखाद्या जमिनीला पडीक म्हटले की ती कोणीतरी उपयोगात आणायची वाट पाहत पडली आहे असे मनात ठसते, आणि मग वृक्षारोपणाचे लक्ष्य पूर्ण करायला तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नसते.

हे लक्ष्यही लहान नसते. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली. धरणाखाली किंवा खाणीखाली गेलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे लागवड करायची, या पर्यायी वनीकरणाच्या निधीसाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा झाला. केंद्राच्या हरित पतयोजनेच्या (ग्रीन क्रेडिट) फेब्रुवारी २०२४ मधील नियमावलीत अवनत, म्हणजे ऱ्हास झालेल्या, जमिनीवर हेक्टरी किमान ११०० झाडांची अट घातली होती. या योजनांमागचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु हेक्टरी अकराशे झाडे हे माप ज्याने ठरवले, त्याच्या डोळ्यांपुढे उजाड झालेले जंगल होते, गवताची भूमी नव्हती. आणि लागवडीची जागा शोधणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्याला हा फरक कळला, तरी त्याच्या तक्त्यात तो लिहायला रकाना नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला कर्बाचा: तापमानवाढीच्या काळात झाड लावणे हे गवत राखण्यापेक्षा अधिक निकडीचे नाही काय? झाडाचा कर्ब खोडात दिसतो, मोजता येतो, म्हणून त्याचा हिशेब सोपा वाटतो. गवताचा कर्ब मुळांत आणि मातीत असतो आणि थंड, दमट उंचीवर तो फार सावकाश कुजतो. ज्या दलदलींनी वीस हजार वर्षांचे अवशेष सांभाळून ठेवले, त्या याच भूभागातल्या आहेत. शिवाय वणवा लागला तर उभे लाकूड एका उन्हाळ्यात धूर होऊन जाते, मातीतला साठा बव्हंशी राहतो. तरीही वाढत्या निलगिरीत दर वर्षी साठणारा कर्ब गवताहून जास्त भरेल हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की हा हिशेब जिथे मुळात जंगल होते आणि आपण ते तोडले, तिथे लावावा. तशी जमीन या देशात कमी नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा आहे आणि त्याचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. झाडे असली की झरे वाहतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नीलगिरीतील ग्लेनमॉर्गन येथे मृद् व जलसंधारणाच्या संशोधन केंद्राने शेजारशेजारची दोन लहान पाणलोट क्षेत्रे निवडून हे मोजून पाहिले. एक गवताखाली तसेच ठेवले, दुसऱ्याच्या सुमारे ५९ टक्के भागावर निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत लागवडीच्या क्षेत्रातून वाहून येणारे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. निलगिरी खोलवरचे पाणी वर्षभर ओढते आणि पानांतून हवेत सोडते, तर गवत हिवाळ्यात सुकून थांबते, त्यामुळे पावसाळ्यात मुरलेले पाणी उन्हाळ्यात ओढ्याला मिळते. एराविकुलमच्या पठारावरून निघणारे ओढे पश्चिमेला पेरियार आणि चालक्कुडी या नद्यांना मिळतात आणि पूर्वेकडे पांबार नदीवाटे कावेरीच्या खोऱ्यात जातात. म्हणजे एका छोट्या पठारावरच्या गवताचा प्रश्न दोन राज्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे, आणि कावेरीच्या पाण्यावरून इतकी वर्षे भांडणाऱ्यांनी तिच्या माथ्यावरच्या गवताविषयी फारसे कधी विचारले नाही, याचे आश्चर्य वाटते.

मग वॅटल सरसकट तोडावी का? इथे उत्साहाला थोडा आवर घालावा लागतो. तमिळनाडूने २०२२ साली आक्रमक परकीय वनस्पतींविषयी धोरण जाहीर केले, ते स्वागतार्ह आहे, पण वॅटलचे बी मातीत कित्येक वर्षे जिवंत पडून राहते आणि झाड तोडून ऊन जमिनीवर पडले किंवा आग लागली की हजारोंनी उगवते. जुन्या, दाट लागवडींखाली काही ठिकाणी शोलाची रोपे स्वतःहून वर आली आहेत, कारण परक्या झाडाच्या सावलीत त्यांना दहिवरापासून आडोसा मिळाला. तिथे करवत घेऊन जाणे म्हणजे एक चूक सुधारताना दुसरी करणे होईल. माझ्या मते पहिला खर्च अजून शाबूत असलेल्या गवताच्या कडेवर व्हावा. तिथे वॅटलची विरळ, कोवळी रोपे आहेत तोवर ती हाताने उपटता येतात. पाच वर्षांनी त्याच कामाला यंत्रे लागतात आणि दहा वर्षांनी ते काम बहुधा होत नाही. दाट रान झालेल्या जागा शेवटी घ्याव्यात, किंवा तशाच शोलाकडे झुकू द्याव्यात. हे सांगताना वनखात्याला नेमके उलटे करण्याचा मोह होतो हेही सांगायला हवे, कारण मोठे झाड तोडले की लाकूड मिळते आणि कामाचे छायाचित्रही चांगले येते.

आणखी एक गोष्ट. ‘हात लावू नका’ हे उंच गवताच्या बाबतीत नेहमीच योग्य धोरण नसते. एराविकुलममध्ये थंडीच्या अखेरीस मुदुवानांच्या मदतीने गवताचे लहान लहान पट्टे ठरवून जाळण्याची प्रथा जुनी आहे. त्याने मोठा वणवा अडतो आणि कोवळे गवत फुटले की वरैआडू तिथे येतात. नीलगिरीतील तोडा समाजाच्या म्हशी शतकानुशतके याच गवतावर चरल्या आणि त्यांच्या मंदिरांची छपरे दलदलीत उगवणाऱ्या एका विशिष्ट गवताने शाकारली जातात. वॅटलच्या लागवडींनी त्यांची कुरणे आणि ते गवत दोन्ही आक्रसले. अशा समाजांना ‘अतिक्रमण’ या सदरात घालणे आणि वॅटलला ‘वन’ या सदरात घालणे ही एकाच नोंदवहीची दोन पाने आहेत.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असलेल्या चांदोलीत दाट जंगलाइतकेच महत्त्व झोळंबीसारख्या सड्यांना, म्हणजे सपाट कातळी पठारांना, आहे. साताऱ्याजवळच्या काससह हे सगळे सडे जांभ्या दगडाचे, वीतभरही माती नसलेले, आठ महिने रखरखीत दिसणारे. पावसाळ्यात त्याच दगडावर गेंद, सीतेची आसवे, तेरडा आणि कीटक खाणारा दवबिंदू उगवतो, आणि डबक्यांत वायतुरा, जो मुळात याच परिसराचा म्हणून ओळखला जातो. जे उन्हाळ्यात पाहायला जातात त्यांना हे ओसाड वाटले तर नवल नाही. अशा जागी कुदळीने खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावण्याचे प्रयत्न सह्याद्रीत आणि कोकणात अनेक ठिकाणी झाले आहेत. सड्यावरचे झाड सहसा खुरटते. पण खड्डा खणताना मोडलेला कातळाचा पातळ थर आणि त्यावरचे पाण्याचे वाहणे पूर्ववत होत नाही.

करायचे काय, तर सुरुवात फार खर्चिक नाही. वनाच्छादनाच्या दोन वर्षांनी निघणाऱ्या अहवालात नैसर्गिक गवताळ भूमीचा वेगळा वर्ग असावा आणि तिच्यावर लावलेले झाड वाढ म्हणून नव्हे, तर हानी म्हणून मोजावे. पर्यायी वनीकरणाच्या निधीतून गवताचे पुनरुज्जीवन करायला मुभा असावी. हे काम वृक्षारोपणाहून कमी मेहनतीचे नाही. शाबूत उतारावरून मुळांसकट ठोंब काढायचे, रोपवाटिकेत ते फोडून वाढवायचे आणि पाऊस सुरू झाला की वॅटल काढलेल्या जागी ओळीने लावायचे, म्हणजे दहिवराच्या आधी त्यांची मुळे धरतील. पुढची काही वर्षे दर उन्हाळ्यात त्याच ओळींतून चालत वॅटलची नवी रोपे उपटावी लागतात. या कामाला स्थानिक हात लागतात, ते वर्षानुवर्षे लागतात, आणि त्याचा मोबदला सध्याच्या तक्त्यांत झाडांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे त्याला मंजुरी मिळणे अवघड जाते. २०३० सालच्या कुरिंजीला आता फार पावसाळे उरलेले नाहीत, आणि या वर्षी उपटलेल्या वॅटलच्या जागेवर लावलेला ठोंब त्याआधी जेमतेम धरेल.